बर्फाचा कापूस आणि मागची भिंत

माझी बायको सुनयना कम्प्युटरवर घरं मांडते. हे वाक्य मी शाळेतल्या सहकाऱ्यांना, सासुरवाडीला, दूधवाल्याला इतक्यांदा समजावून सांगितलं आहे की आता मी हात टेकले आहेत. एक गेम आहे. त्यात माणसं असतात. ती जेवतात, झोपतात, नोकरीला जातात, भांडतात, म्हणजे जे आमच्या घरी रोज होतं तेच. त्या माणसांसाठी घर बांधायचं, खोल्या लावायच्या आणि त्या खोल्यांची चित्रं पडद्यावरून टिपून घ्यायची. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. पुण्याच्या एका मुलीला ते लागतात. ती चित्रांखाली संवाद लिहून गोष्टी तयार करते आणि त्या हजारो लोक वाचतात म्हणे. गोष्ट त्या मुलीची, खोली आणि उजेड आमच्या बाईचा.

कम्प्युटर मी घेतला होता शाळेसाठी. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तलमडुगु मंडलातल्या मराठी शाळेवर मी गणित शिकवतो. टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा कर्तव्य म्हणून घेतला. शाळा उघडली, मी परत फळ्यापाशी गेलो आणि कम्प्युटर बाईसाहेबांच्या ताब्यात गेला. आता मला हजेरीचा तक्ता भरायचा असला तर विचारावं लागतं. उत्तर ठरलेलं असतं. "थांबा जरा, ऊन लावून राह्यली."

खोली लावणं एक वेळ समजू शकतो. हे ऊन लावणं मात्र माझ्या डोक्याबाहेरचं आहे. आधी ती गेममधले सगळे दिवे बंद करते. मग तिथलं घड्याळ दुपारी चारवर आणते, कारण बाराचं ऊन पांढरंफटक पडतं आणि सहाचं लालभडक. मग छत काढून टाकते. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही म्हणून एक भिंत पाडते. मग कपाटामागे एक छोटा दिवा ठेवते, त्याला हळदीचा रंग देते आणि तो कोणाला दिसू नये म्हणून अर्धा जमिनीत पुरते. एवढा खटाटोप कशासाठी, तर खोली साधी दिसावी म्हणून. मी एकदा विचारलं, "साधी दिसायची तर साधीच ठेव ना." तर म्हणाली, "डोयाले दिसते ते कॅमेऱ्याले नाई दिसत. त्याले सांगावं लागते."

त्यात ती गेममधली माणसं ऐकत नाहीत. एखाद्या बाईला चुलीपाशी उभं करावं, दिवा पुरावा, सगळं जुळवावं आणि नेमकं चित्र घ्यायच्या वेळी ती बाई तरातरा आंघोळीला निघून जाते. मग सुनयना पडद्यावर ओरडते, "अवं थांब ना माय, कुठी चालली?" ओसरीवर बसलेले माझे वडील, उद्धवराव, दर वेळी दचकून म्हणतात, "मी कुठी नाई चाललो बाई." असा आमचा संसार.

दसरा झाल्यावर पुण्याच्या मुलीने नवीनच फर्माईश केली. खेड्यातल्या शेतकऱ्याचं घर पाहिजे, हिवाळ्यातली दुपार पाहिजे. मला वाटलं, चला, हे तरी सोपं. घरात बसून घरच मांडायचं. पण नाही. तो गेम बर्फाच्या देशातल्या लोकांनी केलेला. त्यात शेकोट्या सतरा तऱ्हेच्या, पण उंबरठा नाही. बाज नाही, रांजण नाही, ज्वारीची पेंढी नाही. हिने पुस्तकांची फळी आडवी टाकून उंबरठा केला. बागेतलं शोभेचं गवत उपटून पेंढ्या केल्या. कापसावर मात्र आठ दिवस अडली. आमच्याकडे वेचणी झाली की विकेपर्यंत समोरच्या खोलीत कापूस भरतात, पार आढ्यापर्यंत. खोलीत कापूस नसला तर ते शेतकऱ्याचं घर कसलं, असं तिचं म्हणणं. शेवटी तिला नाताळच्या सजावटीत बर्फाचे ढीग सापडले. ते एकावर एक रचले, थोडा पिवळा उजेड मारला आणि मला हाक मारली. मी पाहिलं आणि खरंच म्हणालो, यंदा वेचणी चांगली झाली.

त्या काळात तिने माझे दोन डबे खडू संपवले. अंगणात ऊन कुठवर येतं तिथे नऊ वाजता रेघ, अकरा वाजता रेघ, चार वाजता रेघ. मी शाळेतून येऊन रेघ ओलांडली तर "पुसली का?" पुसली नसली तरी पाहायला यायची. खडू सरकारी आहेत, हे मी तिला तीनदा सांगितलं. शेवटी मी खडूचा डबा शाळेतच ठेवू लागलो.

आता आमच्या स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. ती खोली घराच्या मागच्या अंगाला आहे आणि तिला खिडकी नाही. भर दुपारी बल्ब लावावा लागतो. मागची भिंत पश्चिमेची, पण तिच्या बाहेर पऱ्हाट्यांचा ढीग असतो. कापूस संपला की वाळलेली झाडं उपटायची आणि जळणासाठी भिंतीला टेकून रचायची, ही आमच्या घरची रीत. सुनयना लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणाली होती, इथे एक खिडकी पाहिजे. वडील म्हणाले, करू, ढीग संपू दे. पण हा ढीग कधी संपत नसतो. पाणी तापवायला रोज दोन मोळ्या जातात, तळाशी हात लागतो न लागतो तोच नवीन पऱ्हाट्या येऊन पडतात. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आमची लेक रुपा चौथीत गेली. पहिली काही वर्षं सुनयना विचारायची, नंतर विचारेनाशी झाली. मी समजलो, विसरली.

त्या खोलीत मधोमध एक लाकडी स्टूल असतं. भाजी निवडायला ती त्यावर बसते. अंधारात मी त्याला किती वेळा ठेचकाळलो याची गणती नाही. "भिंतीला लावून ठेव ना," म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी स्टूल परत जागच्या जागी. या बाईला घर मांडायला सांगतात पुण्याचे लोक, असं मी अंगठा चोळत म्हणायचो.

इकडे माझा धाकटा भाऊ वैभव एकतिसाचा झाला. शेती तोच पाहतो, पोरगा निर्व्यसनी, कष्टाळू. पण शेती करणाऱ्याला मुलगी देतो कोण? सहा स्थळं आली आणि गेली. कोणाला नोकरीवाला पाहिजे, कोणाला आदिलाबादला फ्लॅट. सहावं स्थळ मोडलं त्या दिवशी वैभव जेवला नाही. वडिलांनी तर कोणाच्या लग्नाला जाणंच सोडलं, कारण मांडवात पहिला प्रश्न यायचा, धाकट्याचं काय? त्यामुळे कार्तिकात बोथ गावच्या अमृतरावांकडून निरोप आला तेव्हा घरात सगळे जरा हळूच बोलू लागले. त्यांची मुलगी साक्षी बी.एस्सी. झालेली, तिथल्याच एका खाजगी शाळेत शिकवते. मुलाचा फोटो पसंत होता. निरोप एवढाच होता की घराचे फोटो धाडा, मग आम्ही घर पाहायला येतो.

वडिलांनी वैभवला सांगितलं. वैभवने मोबाइलवर काढले. अंगण चांगलं आलं. समोरच्या खोलीत कापूस होता, तिथे नुसतं पांढरं आलं. स्वयंपाकघराचा फोटो काळा आला, त्यात फक्त बल्ब दिसत होता. मग या शहाण्याने काय केलं? कम्प्युटर चालूच होता. सुनयनाने आमच्या घरावरून मांडलेली तीन चित्रं त्यावर होती. त्याने ती उचलली आणि अमृतरावांना धाडून दिली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. नंतर मी त्याला धारेवर धरलं तेव्हा म्हणतो कसा, "घर तर आपलंच हाय ना दादा. वयनीनं उजेड बरा लावला व्हता, म्हणून धाडले."

अमृतराव मार्गशीर्षातल्या एका रविवारी आले. सोबत त्यांची बहीण मथुराबाई. आमच्याकडे मुलगी घर पाहायला येत नाही, तिची वडीलमंडळी येतात, कोठी पाहतात, पाणी पाहतात, सून कुठे राबणार ते पाहतात. अमृतराव महसुलात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून मोबाइल काढला आणि फोटो समोर धरून पाहणी सुरू केली. आम्हाला काही कळेना. निळ्या भिंती जुळल्या. तुळस जुळली. समोरच्या खोलीच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "कापूस बरोबर हाय." वडील खूश झाले.

मग मंडळी स्वयंपाकघरात गेली. सुनयना चहा गाळत होती. अमृतराव एकदा मोबाइलकडे पाहत, एकदा भिंतीकडे. बल्बच्या उजेडात त्यांनी चारही भिंती पाहिल्या. नंतर चपला घालून घराच्या मागे गेले, पऱ्हाट्यांचा ढीग पाहिला आणि परत आले.

"उद्धवराव, खिडकी कुठी हाय?"

"कोणती खिडकी?" वडील म्हणाले.

"फोटोतली. का बुजवली? भाऊकीचं काई भांडण हाय का त्या बाजूनं?"

"आमच्या घराले तिकडून खिडकी कधी नव्हतीच," वडील छाती पुढे काढून म्हणाले. त्यांना वाटलं, आपण आळ झटकून टाकला.

"मंग हा फोटो कोणाच्या घराचा हाय?"

मी मोबाइल हातात घेतला. सुनयनाचंच चित्र. चुलीपाशी उभी बाई, मधोमध स्टूल आणि मागच्या भिंतीला दोन फळ्यांची खिडकी, तिच्यातून तिरपं ऊन. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे घोडं आम्हीच धाडून बसलो होतो. दुसऱ्याचं घर दाखवून सोयरीक जुळवली, अशी एकदा बोंब झाली की वैभवला आठवं स्थळ येणार नव्हतं. वैभव दारात उभा होता, त्याचा चेहरा पाहवत नव्हता. अमृतराव मात्र शांत होते आणि तेच जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "सर, तुमी शिक्षक. तुमच्या घरून असा धोका व्हईन असं वाटलं नव्हतं. चाल मथुरा."

मी काही बोलणार तेवढ्यात सुनयना गाळणी खाली ठेवून पुढे आली. "मामा, थो फोटो नाई. मी केलेलं चित्र हाय. धाडलं कोणी ते मले माहीत नाई. या, दाखवते."

कम्प्युटरपुढे तिने त्यांना बसवलं. घर उघडलं, छत काढलं, एक भिंत पाडली. अमृतराव खुर्चीत मागे सरकले. मग तिने गेममधलं घड्याळ फिरवलं. ऊन अंगणातून ओसरीवर आलं, घरावरून मागे गेलं आणि खिडकीतून स्वयंपाकघरात उतरलं. मथुराबाई म्हणाल्या, "माय वं, दिवस मावळवून राह्यली ही." पण अमृतरावांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, चित्र असो की फोटो, जे घरात नाही ते दाखवलं हे तर खरं. आणि त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मला वाटतं, नकार आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकावा अशी त्यांची इच्छा असावी.

"बाई, ते फोटो खरे नाईत," ते म्हणाले.

"मले माहीत हाय बाबा," पलीकडून साक्षी म्हणाली. "आमच्या शाळेतल्या पोरी खेळतात थो गेम. तुमी कापूस म्हणता ना, थो बर्फ हाय. नाताळातला."

अमृतरावांनी चष्मा काढला. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं कुठी? मले वाटलं, घर दाखवाले कोणी एवढी मेहनत घेते, तर घरात कोणीतरी घराले जीव लावनारं माणूस असन. ते कोणी केलं?"

"इथली मोठी सून."

"त्यायले विचारा, खिडकी खरी हाय का?"

सुनयनाच म्हणाली, "नाई. खरी नाई. बाकी सारं खरं हाय."

मग साक्षी म्हणाली, "बाबा, मुलगा मले पसंत हाय. पण दिवसाढवळ्या बल्ब लावून मी सैपाक करनार नाई. पयले ते खिडकी करून द्या म्हणा, मंग साखरपुड्याची तारीख काढा."

झालं. एवढंच बोलणं झालं. आणि पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो, कारण त्यात मलाही निर्दोष सोडण्यासारखं काही नाही. वडील तिथल्या तिथे म्हणाले, "त्यात काय एवढं? उद्याच करतो." सोमवारी सकाळी ते आणि वैभव मागे गेले आणि चहाच्या आत पऱ्हाट्यांचा अर्धा ढीग गोठ्याकडे हलला. दुपारपर्यंत भिंत मोकळी. वडिलांनी गावात सांगून टाकलं की नव्या सुनेसाठी खिडकी पाडतो आहे, मुलगी शिकलेली आहे, तिला उजेड लागतो. मथुराबाईंचा फोन आला, त्यांनी वडिलांचं कौतुक केलं. शेजारचे येऊन कौतुक करून गेले. सुनयना दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवत होती. मी विचारलं, "आता काय झालं? खिडकी होऊन राह्यली ना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हजेरीचा तक्ता घेऊन ओसरीवर गेलो.

पण तक्त्यासाठी कम्प्युटर उघडावाच लागला. तिथे तिच्या सगळ्या चित्रांचा संग्रह होता. मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे ती दाखवायची तेव्हा मी छान छान म्हणून पुढे जायचो. पुण्याच्या मुलीसाठी केलेला डॉक्टरचा बंगला, समुद्राकाठची झोपडी, कुण्या राजाचा महाल. मी एकेक उघडत गेलो. प्रत्येकात स्वयंपाकघर होतं, प्रत्येक स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकी होती आणि खिडकीसमोर, चार हातांवर, एक स्टूल होतं. राजाच्या महालातसुद्धा. चार वर्षं मी तिला म्हणत आलो होतो की तुझी सगळी घरं सारखीच दिसतात.

मंगळवारी सकाळी गावातला गवंडी लखन मेस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आला. मी रजा टाकली होती. तो म्हणाला, "सार, कुठी पाडू? माप सांगा." वडील म्हणाले, साक्षीला विचारा. वैभवने फोन लावला. ती म्हणाली, मला काय विचारता, वहिनींना विचारा. सुनयनाने मागच्या भिंतीवरची डब्यांची फळी रिकामी केली आणि वैभवला ती काढायला सांगितली.

फळीमागे खडूने चौकोन काढलेला होता. तीन फूट बाय दोन फूट, वर-खाली समांतर, कोपरे काटकोनात. त्याच्या आत पुसट दुसरा चौकोन होता, रंगाच्या थराखालचा. त्याखाली आणखी एक. दर दिवाळीला आम्ही घराला रंग देतो, स्वयंपाकघराला तीच देते. दर दिवाळीला रंग वाळला की तिने तो पुन्हा काढला होता आणि त्यावर डबे लावले होते. मला खडूचे डबे आठवले. गेमच्या फार आधीपासून माझे खडू कमी व्हायचे आणि मी शाळेतल्या पोरांवर आळ घ्यायचो.

लखनने मापाची पट्टी लावून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर हाय. कोणी आखलं?" वडील खाली पाहत होते. त्यांनी हातातली पऱ्हाटीची काडी मोडली आणि बाहेर जाऊन बसले.

त्या दिवशी भिंत फुटली, बुधवारी दुपारी चौकट बसली. चार वाजता लखन हत्यारं धूत होता तेव्हा ऊन आत आलं. भिंतीवरून उतरलं, फरशीवर पसरलं आणि खोलीच्या मधोमध जाऊन त्या स्टुलावर थांबलं, ज्याला मी अकरा वर्षं ठेचकाळत होतो. मला फार लाज वाटली. मी गणित शिकवतो. किरण आणि कोन मी फळ्यावर काढतो. ते स्टूल तिथेच का असतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सुनयनाने भांड्यातली मेथी आणली, हात लांबवून बल्ब बंद केला आणि स्टुलावर बसली. आनंद वगैरे काही नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती जुडी सोडत म्हणाली, "दोन दिवसाचं काम व्हतं."

मी म्हटलं, "हो."

नंतर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोबाइल काढला. म्हटलं, "उजेड चांगला आलाय. एक फोटो काढू का तुझा? पुण्याच्या मुलीला धाड."

"कायले?" ती मेथीवरून नजर न काढता म्हणाली. "चित्र काढत व्हती, कारण बसाले भेटत नव्हतं. आता सरका तिकडे, उजेडात येऊन राह्यले तुमी."